खाडीच्या पाण्याची पेज

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. त्या वेळच्या राजाचं नाव आज कोणाला आठवत नाही, आणि मलाही ते शोधून काढायची हौस नाही.

त्या राजाच्या राज्याच्या अगदी टोकाला, जमीन संपून खाडी सुरू होते तिथे, मिठागरांचं एक गाव होतं. खाडीचं पाणी रोज भरतीला आत घुसू बघायचं आणि गाव त्याला मातीच्या बांधाने अडवायचं. आत हवं तेवढंच पाणी घ्यायचं, ते उन्हात आटवायचं आणि मीठ ओढायचं, हा तिथला धंदा. बांध हा गावाचा जीव होता. बांधावर मधोमध एक लाकडी क्रूस उभा होता. गाव ख्रिस्ती होतं. कामाला जाताना माणसं तिथे थांबून क्रूसाची खूण करत आणि मग पायातल्या वहाणा काढून आगरात, म्हणजे मिठाच्या वाफ्यांत, उतरत.

त्या राज्यात एक जुनी रीत होती. ती आधीच नीट ऐकून ठेवा, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. कोणी कोणाचा जीव घेतला आणि त्याला मरणाची शिक्षा झाली, तर शिक्षेआधी मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी गुन्हेगारासाठी पेज रांधायची. पाणी त्यांनीच भरून आणायचं, चूल त्यांनीच पेटवायची. पेज अळणी ठेवायची. ती खाल्ली की तो माणूस जगात कोणाचाच उरला नाही असं समजत, आणि मग राजाचे शिपाई त्याला कड्यावरून खाली लोटत.

पण पेजेत मीठ असलं, तर त्याला हात लावायची कोणाची प्राज्ञा नव्हती, राजाचीसुद्धा नाही. ज्याने तुमचं मीठ खाल्लं, त्याला तुमच्या माणसाच्या नावाने मारता येत नाही, असा तो कायदा. मात्र तो माणूस मग मीठ घालणाऱ्याच्या गळ्यात. त्याने पुढे पुन्हा काही केलं, तर मान मीठ घालणाऱ्याची जायची. आता तुम्ही म्हणाल, असं मीठ कोण घालेल? बरोबर आहे तुमचं. कोणीच घातलं नव्हतं.

गावात एक विधवा बाई राहत होती. मिठाच्या राशी रचण्यात तिच्या हाताची बरोबरी कोणाला जमत नसे. तिला एकच मुलगी होती. या गोष्टीत मी राजाचं नाव सांगणार नाही, पाद्रीचं नाही, त्या आईचंही नाही. मुलीचं मात्र सांगणार. तिचं नाव एस्तेर. पुढे जे जे झालं ते तिच्या नावाने करायचं चाललं होतं, म्हणून ते नाव तुम्हाला ठाऊक असलेलं बरं. ती वाऱ्याकडे पाठ करून उभी राहायची आणि केस तोंडावर आले की आईला हाक मारायची, कारण तिचे हात मिठाने भरलेले असायचे.

त्याच गावातल्या एका आगरवाल्याचं शेजाऱ्याशी पाण्यावरून वाजलं. भांडण जुनंच होतं. उघाडीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, पाणी आधी कोणी घ्यायचं, एवढाच प्रश्न. पण माणसाचं डोकं एकदा फिरलं की फिरलं. एका दुपारी, भरती टोकाला असताना, त्याने फावडं घेतलं आणि शेजाऱ्याच्या आगरावरचा बांध फोडला. शेजाऱ्याच्या मिठाच्या राशी विरघळून जाव्यात, एवढं त्याला हवं होतं.

त्या आगरात एस्तेर मीठ ओढत होती.

पाणी आलं ते धावत आलं. गाव ओरडत बांधाकडे पोचलं तेव्हा राशी गेल्या होत्या, आणि एस्तेरही गेली होती. तो माणूस तिथेच उभा होता. फावडं त्याच्या हातात होतं. तो पळाला नाही आणि तोंडातून एक शब्दही काढला नाही. लोकांनी त्याला मारत मारत चावडीवर नेलं आणि राजाला निरोप धाडला.

राजा यायला वेळ लागला. तेवढ्या दिवसांत त्या आईच्या मनात काय काय आलं ते मी सगळं सांगत नाही. तिला तो माणूस मेलेला बघायचा होता, हे मात्र खरं आहे आणि ते लपवायचं काही कारण नाही. एक दिवस ती चावडीच्या खिडकीशी गेली. आत तो गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. तिने त्याला एकच गोष्ट विचारली, की फावडं मारण्याआधी तुला माझी पोर दिसली होती का.

त्याने गुडघ्यांतून डोकं वर काढलं. मग म्हणाला, "दिसली होती. वाटलं, पळेल."

ती घरी आली. त्या घरात रोज संध्याकाळी दिवा लावून प्रार्थना म्हणायची रीत होती. ती गुडघे टेकून म्हणायला लागली आणि मध्येच अडकली. त्या प्रार्थनेत आपण देवाकडे क्षमा मागतो, आणि त्याच दमात, आम्हीही दुसऱ्यांना क्षमा करतो असं कबूल करतो. ती ओळ तिच्या घशातून वर येईना. तिने ती गाळली आणि पुढचं म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आता मधली एक ओळ गाळली, पुढे सगळीच प्रार्थना गळून जाणार.

तेव्हा तिला राग आला. आधीचा राग होताच, पण हा वेगळा होता. या माणसाने माझी मुलगी नेली, आणि आता तो चावडीत बसल्या जागी माझी प्रार्थनाही नेतो आहे. माझ्या तोंडात, माझ्या घरात, माझ्या देवाशी बोलताना तो मध्ये येऊन बसतो आहे. एवढं मी त्याला देणार नाही, असं तिने ठरवलं.

सकाळी तिने बांधावर उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की मी पेजेत मीठ घालणार.

गाव हादरलं. मग चिडलं. बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. कोणी म्हणालं दुःखाने हिचं डोकं गेलं, कोणी म्हणालं हिला पोरीची मायाच नव्हती. हे शेवटचं बोलणं तिच्या कानावर आलं तेव्हा ती मिठाच्या राशीवर बसून इतकी रडली की कोणाला जवळ जायचा धीर झाला नाही.

सगळ्यात जास्त चिडला तो तिचा भाऊ, एस्तेरचा मामा. मुलगी त्याच्या खांद्यावर बसून मोठी झाली होती. तो दारात येऊन उभा राहिला, आत आला नाही.

"बाय," तो म्हणाला, "तू कोण गो माफ करणारी? ती माझीपण होती."

"तुझ्या वतीने मी काही करत नाही, भावा," ती म्हणाली. "तुझा राग तुझा. तो ठेव. पण माझ्या एस्तेरचं नाव घेऊन कोणी माणूस मारेल, ते मी होऊ देणार नाही."

तो तसाच परत गेला. त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. ज्याला तसं म्हणवेल त्याने आधी त्याच्या जागी उभं राहून बघावं.

मग पाद्रीबाबा आले. ते भले होते, पण भित्रेही होते, आणि भली माणसं भित्री असली की त्यांचा फारसा उपयोग होत नाही. त्यांनी तिला समजावलं की क्षमा ही मनाची गोष्ट आहे. मनातल्या मनात क्षमा कर आणि पेज मात्र अळणी ठेव, म्हणजे देवही राजी आणि राजाही राजी. उगाच राजाचं वैर कशाला?

ती त्यांच्या गळ्यातल्या क्रूसाकडे बघत राहिली.

"बाबा, हा ज्याचा क्रूस, त्याने काय मनातल्या मनात क्षमा केली होती? खिळे मारणाऱ्यांसमोर केली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मनातल्या मनात केली असती तर आज तुमच्या गळ्यात काय असतं?"

पाद्रीबाबांनी तो क्रूस मुठीत धरला. ते म्हणाले की तुझ्यासाठी प्रार्थना करीन. ती म्हणाली, करा, आणि ती मोठ्याने करा.

शेवटी राजा आला. बरोबर शिपाई होते. राजा काय, शिपाई काय, सगळे डोंगरापलीकडच्या मुलखातले, नदीकाठी वाढलेले. खाडी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. राजाच्या कानावर बाईचं बोलणं आधीच गेलं होतं. तो काही दुष्ट नव्हता, हेही सांगायला हवं. त्याचं म्हणणं साधं होतं. बांध फोडणारा एक जिवंत राहिला, तर उद्या प्रत्येक भांडणाला फावडं निघेल आणि सगळा किनारा पाण्याखाली जाईल. लोकांना धाक हवा.

बाईने त्याला सांगितलं, "महाराज, त्याला मोकळा सोडा असं मी म्हटलेलं नाही. त्याने केलं ते लहान होतं असंही म्हणणार नाही. मारू नका, एवढंच म्हणते."

"आणि मी मारणार म्हटलं तर?"

"तर तुमच्या नावाने मारा. माझ्या पोरीच्या नावाने नको."

पण राजाच्या नावाने मारायची त्या राज्यात रीत नव्हती. राजाला लोकांसमोर कायदाही मोडायचा नव्हता आणि हारही खायची नव्हती. म्हणून त्याने डोकं चालवलं. त्याने हुकूम काढला की पेज उद्या दुपारी क्रूसासमोर, सगळ्यांदेखत रांधायची, आणि तोवर या बाईच्या हाती मिठाचा कण लागता कामा नये. बाईने रांधायचंच नाकारलं, तर राजाचा आचारी तिच्या नावाने रांधेल, अशी कायद्यात सोय होतीच.

शिपायांनी तिचं घर झाडून काढलं. मिठाचं मडकं फोडलं. उतरंड उलथी केली, सुकटीची टोपली उचलून नेली, कारण सुकटीला मीठ असतं. तिच्या लुगड्याच्या निऱ्या एका म्हातारीकडून तपासून घेतल्या. आगरांतल्या राशींवर पहारे बसले. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी बसण्याआधी तिचे हात गोड्या पाण्याने धुवायला लावले. मिठाच्या गावात एका बाईला चिमूटभर मीठ मिळू नये म्हणून राजाची अख्खी फौज राबली, असं दृश्य पुन्हा कधी कोणी पाहिलं नाही.

दुपार झाली. गाव जमलं. त्या माणसाला दोर बांधून आणलं. आईसमोर मूठभर तांदूळ आणि रिकामी कळशी ठेवली.

"पाणी आण," राजा म्हणाला. "रीतच आहे."

तिने कळशी उचलली. गोड्या पाण्याची विहीर गावात वरच्या अंगाला होती. रांधायचं, प्यायचं सगळं पाणी गाव तिथूनच भरायचं. शिपाई बाजूला सरून तिला विहिरीची वाट द्यायला लागले. ती त्या वाटेला गेलीच नाही. ती बांधावरून चालत निघाली, फुटलेल्या जागेपर्यंत गेली आणि उतरून पाण्यात उभी राहिली. जिथून खाडी आत घुसली होती आणि एस्तेर सापडली होती, तिथेच. तिने कळशी बुडवली.

गावातल्या प्रत्येक माणसाला कळलं. पोराटोरांना कळलं. शिपायांना मात्र काही वाटलं नाही. त्यांच्या मुलखात पाणी म्हणजे पाणी. राजाने बघितलं आणि त्याला वाटलं, पोरीच्या आठवणीने गेली असेल बिचारी.

ते पाणी खारं आहे हे राजाला सांगणं मामाच्या हातात होतं. तो अगदी पुढे उभा होता, राजाच्या बाजूला. त्याने बहिणीला पाण्यात उभी राहिलेली पाहिलं, कळशी भरताना पाहिलं. त्याचं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. एक शब्द बोलला असता तर खेळ संपला असता.

तिने चूल पेटवली. पेज शिजली. तिने ती मडक्यातून थाळीत ओतली आणि त्या माणसापुढे ठेवली. त्याचे हात सोडले. त्याने पहिला घोट घेतला आणि थांबला. खाडीच्या पाण्यात शिजलेली पेज, ती किती खारट असेल याची कल्पना करा. घास त्याच्या घशाखाली उतरेना. डोळ्यांतून पाणी आलं. तरी तो खात राहिला, थाळी रिकामी होईपर्यंत.

रीतीप्रमाणे राजाने विचारलं, "पेज कशी आहे?"

त्या माणसाने आईकडे पाहिलं. मग राजाकडे पाहून म्हणाला, "अळणी."

गाव दचकलं. तो खोटं बोलत होता. त्याला मरायचं होतं. 'दिसली होती, वाटलं पळेल' हे मनात घेऊन रोज सकाळी उठण्यापेक्षा त्याला कडा बरा वाटत होता. आणि कायद्यात त्याच्याच शब्दाला किंमत होती, जोवर दुसरा कोणी त्या मडक्यातली पेज चाखून साक्ष देत नाही तोवर. रांधणारीची साक्ष चालत नव्हती. आणि चाखणाऱ्यानेही ते मीठ खाल्लं असं धरलं जाई. पुढे त्यालाही त्या गुन्हेगारावर हात उचलता येत नसे.

आई मडक्यापाशी उभी होती. ती कोणाकडे गयावया करत नव्हती. फक्त म्हणाली, "मी जे घातलंय ते घातलंय. ज्याला खरं बोलायचंय त्याने पुढे यावं."

कोणी हललं नाही. पाद्रीबाबा हलले, दोन पावलं टाकून थांबले. शिपायांनी त्या माणसाचे हात पुन्हा बांधायला घेतले.

तेव्हा मामा पुढे आला. त्याने मडक्यात बोट बुडवलं आणि तोंडात घातलं. त्याच्या भाचीला जे पाणी घेऊन गेलं, तेच त्याच्या जिभेवर होतं.

"मी याला माफ केलेलं नाही," तो राजाला म्हणाला. "करीन की नाही, ते मला ठाऊक नाही. पण पेज खारट आहे."

राजाने स्वतः चाखली नाही. चाखली असती तर तोही बांधला गेला असता, आणि तेवढी अक्कल त्याला होती. तो खूप संतापला. त्याने बाईला विचारलं की मीठ आणलंस कुठून. तिने खाडीकडे हात केला. राजाने घर झाडून काढलं होतं, मडकं फोडलं होतं, राशींवर पहारे ठेवले होते. खाडीवर पहारा ठेवायचं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि आलं असतं तरी कसा ठेवला असता?

"आजपासून याची मान म्हणजे तुझी मान," एवढं बोलून तो निघून गेला.

त्या माणसाचे दोर आईनेच सोडले. तो तिच्या पाया पडायला लागला तेव्हा तिने पाय मागे घेतले.

"मला का जगवलंस?" त्याने विचारलं. "मी मागितलं नव्हतं."

"तू मागितलंस म्हणून नाही केलं. ऊठ. बांध फुटलाय."

त्या दिवसापासून तो बांधाशेजारी खोपट घालून राहिला आणि आयुष्यभर बांध राखत बसला. भरतीआधी फिरायचा, खेकड्यांनी पोखरलेली भोकं बुजवायचा, चिखल थापायचा. त्या आईने त्याला कधी मुलगा म्हटलं नाही. त्याच्या हातून पाणीही कधी घेतलं नाही. पुढे एकदा त्याने चाचरत विचारलं की तू क्षमा केलीस, तर मग मी आता दुसऱ्या गावी जाऊ का. ती म्हणाली की क्षमा झाली म्हणून बांध आपोआप उभा राहत नाही. तो परत कामाला लागला. तिची मान मात्र त्याने कधी धोक्यात आणली नाही.

मामा त्याच्याशी जन्मात बोलला नाही. बांधावर समोर आला तर तोंड फिरवायचा. पण तो माणूस म्हातारा होऊन मेला आणि खड्डा खणायला गावातून कोणी निघेना, तेव्हा मामाने आपलं फावडं बहिणीकडे पाठवून दिलं. स्वतः आला नाही.

आणि त्या राज्यात अळणी पेजेची रीत हळूहळू मोडली. कारण त्यानंतर कुठल्याही घरातली बाई कळशी घेऊन निघाली की राजाच्या माणसांना धास्ती वाटायची, ही आता कुठल्या पाण्याकडे वळते कोण जाणे.

पण मला खरं सांगायचंय ते त्या दिवसाच्या संध्याकाळचं. राजा गेल्यावर आई घरी आली. घरात फुटकं मडकं पडलं होतं, उतरंड उलथी होती, आणि एस्तेर नव्हती. ती काही परत येणार नव्हती. आईने दिवा लावला, गुडघे टेकले आणि प्रार्थना म्हणायला लागली. पुढे ती ओळ आली. ती थांबली, रडली, आणि मग ती ओळ म्हटली. आवाज चिरका होता, पण शेजारच्या घरात ऐकू गेला एवढा मोठा होता. मधला एकही शब्द तिने गाळला नाही.

तात्पर्य: ज्याने आपलं सगळं नेलं, त्याला आपलं मनही नेऊ न देणं, याचंच नाव क्षमा.